नेदरब्रेकचे दोन हात

ब्लफ, न्यूझीलंड
१ फेब्रुवारी १९९९

थोरे,

पहिली तारीख आली की माझं पत्र आलंच. या खेपेला महत्त्वाचं बोलायचंय, म्हणून बाकीचं एका दमात उरकतो. इथे उन्हाळा आहे, आमच्या फेरीबोटीचं इंजिन माझ्यापेक्षा जास्त खोकतं, आणि जोन म्हणते की मी आता खुर्चीत मावत नाही. आमच्या कर्स्टीला सोळावं लागलं. तिच्या उजव्या हाताला हल्ली सारख्या मुंग्या येतात म्हणे. मी म्हटलं, भांडी घासायच्या वेळेलाच बऱ्या येतात!

आता मुद्द्याचं. इंग्लंडमध्ये काही लोकांनी एक गट काढलाय. मेंढ्यांना खरजेसाठी ज्या औषधात बुडवतात, त्या औषधानं ज्यांच्या शरीराची वाट लागली, त्यांची माहिती ते गोळा करताहेत. मी त्यांचा छापील अर्ज मागवला आणि तुझ्या नावानं भरायला घेतला. नाव, गाव, आजार मल्टिपल स्क्लेरोसिस, सगळं लिहून झालं. एकच रकाना कोरा आहे: पहिली खूण कोणत्या महिन्यात, कोणत्या साली दिसली? साल १९८१ हे मला माहीत आहे. ऑक्टोबर लिहू की नोव्हेंबर, एवढंच कळव.

तो दिवस मी काही विसरलेलो नाही. घरटी दोन हात मेंढ्यांच्या सामाईक कोंडवाड्यावर पाठवायचे, हा आपल्या बेटाचा नियम आजोबांच्याही आधीपासूनचा. त्या सप्टेंबरात आपल्या घराच्या, नेदरब्रेकच्या, वाटचे हात माझे होते. आणि मी काय केलं? सकाळच्या टपालाच्या विमानात बसून कर्कवॉलला पळालो, एक मोटरसायकल बघायला. घेतलीसुद्धा नाही! माझ्या जागी तू औषधाच्या टाक्यावर उभी राहिलीस, एडक्याचं शिंग तुझ्या बाहीत अडकलं आणि तू छातीपर्यंत त्या औषधात गेलीस. वर आईनं मला सांगितलं की गार्थ घरातल्या हॅरल्डनं तुला घरी जाऊ दिलं नाही, ओल्या कपड्यांत चार तास राबवलं. तेव्हा आपण सगळे हसलो होतो. आठवडाभर तुझ्या केसांना वास येत होता आणि मी तुला 'एडकाबाई' म्हणत होतो. ८४ साली डॉक्टरांनी तुझ्या आजाराचं नाव सांगितलं, त्या दिवसापासून मला हसू आलेलं नाही.

या खेपेला मी गप्प बसलेलो नाही. तिकडच्या साप्ताहिकालाही पत्र धाडलंय, हॅरल्ड फ्लेटच्या नावानिशी. कोंडवाड्याच्या समितीचा प्रमुख तो, औषध कालवणारा तो, तुला थांबवून घेणारा तो. माझा गुन्हा मी कबूल केलाय, आता त्यानं त्याचा करावा.

महिना लवकर कळव.

तुझा,
एर्लंड


नेदरब्रेक
ऑर्कनी बेटसमूह, १९ फेब्रुवारी १९९९

एर्लंड,

मला लिहिलेलं पत्र यायच्या आधी तुझं दुसरं पत्र वाचलं. पान सहा, बोटींच्या वेळापत्रकाशेजारी. बेटावर सत्तर माणसं आणि साप्ताहिकाच्या सव्वीस प्रती, त्यामुळे दुपारपर्यंत ते कुत्र्यांनाही पाठ झालं होतं. पोस्टातली इसा माझी प्रत द्यायला आली ती दारातूनच माघारी फिरली. एरवी तिला चहा पाजल्याशिवाय हाकलता येत नाही.

एवढी घाई कशाला केलीस, बाबा रे? आधी मला विचारायचं तरी.

तुला वाटतं कारण सापडलं. अरे, ऑर्कनीत या आजाराची कारणं बटाट्यांपेक्षा जास्त पिकतात. तुला आठवत नसतील तर मोजून दाखवते. आई म्हणायची, ओल्या केसांनी वाऱ्यात फिरल्यामुळे झालं. शाळेतल्या बाई म्हणतात, चुलीत जाळायच्या दलदलीच्या मातीच्या, पीटच्या, धुरामुळे. एकानं सांगितलं कुत्र्यांच्या तापामुळे, दुसऱ्यानं दातांत भरलेल्या पाऱ्यामुळे. तिसरा म्हणतो, हजार वर्षांपूर्वी नॉर्वेहून आलेल्या पूर्वजांनी रक्तातूनच आणलं. दर तीन-चार वर्षांनी अॅबर्डीनहून कोणीतरी येऊन बाटलीभर रक्त घेऊन जातं आणि 'कळवतो' म्हणतं. माझं निम्मं रक्त आता अॅबर्डीनलाच असेल. माझ्या डॉक्टरीणबाई बिचाऱ्या प्रामाणिक आहेत. त्या म्हणतात, औषधाचं काही सिद्ध झालेलं नाही, आणि नाहीच असंही सिद्ध झालेलं नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच वेळ, असंही असू शकतं. मी त्यांना म्हटलं, आमच्या बेटावर झाडच नाही, फांदी कुठली.

हॅरल्डकाका नेहमीसारखे शुक्रवारी आले. फडक्यात गुंडाळलेली जवाची भाकरी होतीच. काकू गेल्यापासून स्वतः भाजतात आणि एक बाजू हटकून करपवतात. या खेपेला बसले नाहीत. टोपी हातात धरून दारातच उभे राहिले. म्हणाले, "थोरा, माझ्यामुळे झालं का गं हे?"

मी चहा ओतला. विचारलं, "साखर किती घालू?" वीस वर्षं मी त्या माणसाला बिनसाखरेचा चहा देतेय.

चहा तसाच ठेवून गेले. भाकरी मात्र ठेवून गेले, आणि ती मी खाल्ली, हे तुला सांगायला हवं.

अर्ज एवढ्यात पाठवू नकोस. माझं अक्षर बघतोयस ना, कसं मेंढ्यांसारखं दगडी गडग्यावरून उड्या मारतंय ते. नीट आठवून मग कळवते.

थोरा

ता. क. कर्स्टीच्या हाताचं काय झालं?


ब्लफ
१ मार्च १९९९

थोरे,

'नीट आठवून' म्हणजे काय? शरीर तुझं, पाय तुझा, आणि आठवायला अजून किती वर्षं हवीत? तू त्या म्हाताऱ्याला पाठीशी घालतेयस. तू पहिल्यापासूनच अशी. शाळेत तुझी पेन्सिल चोरणाऱ्या पोरीला तू रबरही दिलं होतंस.

फांद्या आणि कावळे तुझ्या डॉक्टरीणबाईंना लखलाभ. इथल्या डॉक्टरालाही मी विचारलं. तो म्हणाला, न्यूझीलंडमध्येही जसजसं दक्षिणेला यावं तसतसा हा आजार जास्त, थंड टोकांनाच तो का आवडतो ते कोणाला ठाऊक नाही. मी त्याला औषधाच्या टाक्याबद्दल सांगायला लागलो तर तो घड्याळ बघायला लागला. मग त्यानं विचारलं, तुमच्या घरात आणखी कोणाला आहे का? मी उठून आलो. घरात! जसं काही आपण वाटून खाल्लंय.

हे औषधच आहे, थोरा. दुसरं काही असूच शकत नाही. ते त्या टाक्यात होतं, तुझ्या अंगावर गेलं, आणि ज्यांच्या अंगावर गेलं नाही त्यांना त्याची भीती नाही. सरळ हिशेब आहे. त्या हॅरल्डनं तुला घरी जाऊ दिलं असतं, तू अंघोळ करून कपडे बदलले असतेस, तर आज तू ऑपरेशनच्या खोलीत मोठी परिचारिका असतीस. आणि मी तिथे असतो तर तुझा प्रश्नच नव्हता. ते माझं मी भोगतोय. त्याचं त्याला भोगू दे.

कर्स्टीचा हात तसाच आहे. वय आहे, दुसरं काय.

महिना कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

एर्लंड


ब्लफ
१ एप्रिल १९९९

थोरे,

मार्चच्या पत्राला तुझं उत्तर नाही. टपाल उशिरा येतं हे मान्य, पण इतकं नाही. तब्येत बिघडली का? इसाला दोन ओळी लिहायला सांग.

अर्जाची मुदत मेअखेर आहे. तुझं उत्तर आलं नाही तर मी 'ऑक्टोबर १९८१' लिहून पाठवून देणार.

एर्लंड


नेदरब्रेक
१८ एप्रिल १९९९

एर्लंड,

तब्येत आहे तशीच आहे. पत्र तीनदा लिहिलं आणि तीनदा चुलीत घातलं. हे चौथं. इसा ते न्यायला बाहेर उभी आहे, म्हणजे मला फाडता येणार नाही.

तुझ्या रकान्यात लिही: एप्रिल १९८१.

हो, एप्रिल. टाक्यात पडायच्या पाच महिने आधी.

विण्याच्या मेंढ्या आपण गडग्याच्या आत घेतल्या होत्या. आपल्या मेंढ्यांच्या पाठीवर लाल पट्टा, गार्थच्या मेंढ्यांवर निळा. वारा होता म्हणून मी एक डोळा मिटला, आणि लाल पट्टा गेला. चहाच्या चोथ्यासारखा दिसायला लागला. दुसरा डोळा मिटला, परत लाल. मला गंमत वाटली. मग गंमत वाटेना. रोज सकाळी मी गोठ्यामागे जायचे आणि एकेक डोळा झाकून मेंढ्या बघायचे. त्याच महिन्यात डावं पाऊल बधिर झालं, बुटात दुसऱ्याचा पाय घालून चालावं तसं. जूनपर्यंत सगळं आपोआप गेलं. मी कोणाला काही बोलले नाही, कारण अॅबर्डीनच्या परिचारिकांच्या शाळेचा अर्ज माझ्या पेटीत होता. त्यावरही एक रकाना होता: डोळ्यांचा काही त्रास? मी 'नाही' लिहिलं. आपल्या घराला अर्ज काही लाभत नाहीत.

८४ साली डॉक्टरीणबाईंनी विचारलं, याआधी काही झालं होतं का? त्यांना मी एप्रिल सांगितला. त्या म्हणाल्या, तीच पहिली खूण. तेव्हापासून त्यांच्या कागदावर आहे. त्यांना माहीत, मला माहीत, आणि ज्याला माहीत असायला हवं होतं त्याला नाही.

आता दुसरं. हे लिहिताना मला जास्त लाज वाटतेय.

हॅरल्डकाकांनी मला थांबवून घेतलं नव्हतं. मी टाक्यातून निघाले तेव्हा त्यांनी स्वतःचा कोट माझ्या अंगावर टाकला आणि म्हणाले, "घरी जा, पोरी, कपडे बदल." एकदा नाही, तीनदा. मीच गेले नाही. सगळ्या घरांची माणसं बघत होती, आणि नेदरब्रेकचे हात अर्ध्यात निघून गेले असं कोणी म्हणायला नको होतं. आधीच तू पळाला होतास. घरी आल्यावर आईनं आकांत केला, "ओल्या अंगानं का थांबलीस?" मी म्हटलं, "हॅरल्डकाकांनी जाऊ दिलं नाही." बावीस वर्षांची होते, शिव्या चुकवायच्या होत्या. एवढीशी थाप, आणि ती तू छापून आणलीस.

ते औषध देवाघरचं पाणी होतं असं मी म्हणत नाही. ते कालवून कालवून ज्यांचे हात थरथरायला लागले ती माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी अर्ज भरावेत, जरूर भरावेत. पण त्यांच्या रांगेत मला उभं करू नकोस. माझ्या आजाराचं कारण मला माहीत नाही, कोणालाच माहीत नाही. तुझी मोटरसायकल नव्हती, एवढं मात्र नक्की माहीत आहे.

मग पंधरा वर्षं का नाही सांगितलं? विचारशीलच. तू न्यूझीलंडला गेल्यावर पहिल्या दोन वर्षांत घरी किती पत्रं आली ते आठव. दोन. एक लग्नाचं, एक कर्स्टीच्या जन्माचं, आणि दोन्ही आईच्या नावानं. मग आईनं तुला माझ्या आजाराचं कळवलं, आणि पुढच्या पहिल्या तारखेला तुझं मला पत्र आलं. 'माझ्यामुळे झालं, थोरे.' मी उत्तर लिहायला बसले होते, खरंच सांगते. तेवढ्यात वाटलं, एक महिना थांबू. पुढच्या महिन्यात परत आलं. तेव्हा मी घरातल्या घरात भिंत धरून चालायला लागले होते, अॅबर्डीनला शिकतानाच्या मैत्रिणी नाताळच्या कार्डापुरत्या उरल्या होत्या, आणि महिन्यातून एकदा कोणीतरी माझ्यासाठी चार पानं भरत होतं. तुझा अपराध उतरवला तर पत्रंही उतरतील, असं मला वाटलं. मी तुझ्या अपराधावर जगले, एर्लंड. तुझी सगळी पत्रं चहाच्या डब्यांत आहेत, आणि एकही मला निर्मळ मनानं वाचता आलेलं नाही.

आता हॅरल्डकाकांचं. तुझं पत्र छापून आल्यापासून त्यांच्याकडे कोणी जात नाही. भांडलं कोणीच नाही. आपल्या बेटावर भांडत नाहीत, फक्त रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं जातात. त्यांनी समिती सोडली. इसा सांगते की जुलैच्या कोंडवाड्याला ते आपल्या मेंढ्यांची कानखूण परत देणार आहेत. डाव्या कानाला चीर, उजव्याला भोक. गार्थची खूण तुझ्या-माझ्या पणजोबांपासून समितीच्या वहीत आहे. मेंढ्या वाटून टाकून ते कर्कवॉलला मुलीकडे जाऊन राहणार, तिथे खिडकीतून मोटारी बघणार.

साप्ताहिकाला लिही. जे लिहिलंस ते मागे घे. माझं नाव घाल, माझी थाप घाल. जुलैच्या आत.

मग मला पत्र लिहिलं नाहीस तरी मी समजेन.

थोरा


नेदरब्रेक
३ ऑगस्ट १९९९

एर्लंड,

मेची पहिली गेली, जूनची गेली, जुलैची गेली. समजेन म्हणाले होते, तर समजतेय. साप्ताहिकातही काही आलं नाही. तेही समजून घ्यायचा प्रयत्न करतेय, पण तिथे मात्र जमत नाहीये.

म्हणून मीच गेले. गेल्या मंगळवारी कोंडवाडा होता. इसानं माझी चाकांची खुर्ची तिच्या टपालगाडीत घातली आणि शेवटच्या दगडगोट्यांतून चौघांनी उचलून नेली, लग्नातल्या नवरीसारखी. सगळं बेट तिथे. किनाऱ्यावरून हाकून आणलेल्या मेंढ्या आत, माणसं गडग्यावर, आणि हॅरल्डकाका एकटे फाटकापाशी. त्यांच्याशेजारी दोन माणसांची जागा मोकळी होती.

कातरणी सुरू व्हायच्या आधी कारकून वही उघडतो, तेव्हा मी म्हटलं, "मला बोलायचंय." मेंढ्या इतक्या ओरडत होत्या की मला तीनदा म्हणावं लागलं. मग बोलले. एप्रिल, लाल पट्टा, कोट, थाप, सगळं. मला वाटलं होतं, हॅरल्डकाका येतील, खांद्यावर हात ठेवतील. मनातल्या मनात मी तो हात ठेवूनही घेतला होता.

ते आले. खुर्चीसमोर उभे राहिले. म्हणाले, "फेब्रुवारीत मी तुला विचारलं होतं, थोरा. तेव्हा तू साखर विचारलीस."

एवढंच. मग वळले, कारकुनाला म्हणाले, "वही मीट. खूण राहू दे यंदा," आणि बाह्या सरसावून पहिली मेंढी धरली. सत्तरीचा माणूस, पण गुडघ्यात अशी धरली की ती हललीसुद्धा नाही. हळूहळू लोक त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिले. नेदरब्रेकच्या नावापुढे मात्र यंदाही कोणाचे हात नव्हते. माझे चालत नाहीत, म्हणून आपल्या सात मेंढ्या इसाच्या नवऱ्यानं कातरल्या.

खूण वाचली. भाकरी बंद झाली. शुक्रवारी मी दाराकडे बघत बसते आणि स्वतःला म्हणते, बरी शिक्षा आहे, करपलेल्या भाकरीसाठी झुरावं लागतंय.

तुला मोकळं केलंय, एर्लंड. आता तू मोकळाच राहा.

थोरा


ब्लफ
२० ऑगस्ट १९९९

थोरे,

आज वीस तारीख आहे. पहिलीपर्यंत थांबवलं नाही.

साप्ताहिकाला पत्र गेलं. उशिरा गेलं, तुझं ऑगस्टचं वाचल्यावर गेलं, हे खोटं बोलून लपवता आलं असतं, पण आपल्या घरात ते आता पुरे झालं. दोनच ओळी आहेत: मी चुकलो, हॅरल्ड फ्लेट यांनी माझ्या बहिणीला आपला कोट दिला होता आणि तीनदा घरी जायला सांगितलं होतं. तुझी थाप घातली नाही. ती मी छापली, म्हणजे ती माझी. इंग्लंडचा अर्ज फाडला.

आधी तुझ्यावर संतापलो. पंधरा वर्षं मी कोणत्याही मेंढीच्या डोळ्यांत बघू शकलो नाही, आणि या देशात दुसरं बघायलाच काही नाही. आईच्या अंत्यविधीला आलो तेव्हा पाच दिवस तुझ्या काठीकडे पाठ करून बसलो आणि सहाव्या दिवशी पळालो. तो सगळा काळ तू माझ्या हातून काढून घेतलास असं वाटलं. राग अजून थोडा आहे. असू दे.

पण गप्प बसलो ते रागामुळे नाही. तुझं एप्रिलचं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा डोळ्यांपुढे तू आली नाहीस, हॅरल्डकाका आले नाहीत. कर्स्टीचा हात आला. आता तरी खरं बोलतो: औषधच असावं ही माझी गरज होती. औषध असलं तर ते तिकडे ऑर्कनीत एका टाक्याच्या तळाशी पडून राहतं. कर्स्टीनं ते टाकं जन्मात बघितलेलं नाही. औषध नसेल तर मग काय? पीट? थंडी? घरात आणखी कोणाला आहे का? त्या डॉक्टरच्या प्रश्नाला घाबरून मी दहा हजार मैलांवरच्या एका म्हाताऱ्याला गावाबाहेर काढत होतो, थोरे. माझी मुलगी सुरक्षित राहावी म्हणून.

तीन महिने धीर झाला नाही. तुझं ऑगस्टचं पत्र आलं, आणि गेल्या रविवारी नाश्त्याच्या वेळी मी कर्स्टीपुढे चहाचा लाल डबा ठेवला. म्हटलं, एक डोळा झाक, मग दुसरा. "बाबा, काय खूळ?" म्हणाली, पण झाकला. "लाल. लाल. दोन्हीकडून लालच. आता मला अंडं खाऊ दे." मी बाहेर जाऊन बोटीच्या दोरखंडावर बसून राहिलो. सोमवारी डॉक्टरकडे नेलं. तो म्हणतो, कोपरावर रेलून वाचते, तिथली शीर दबते, बाकी काही नाही. मला त्याचं नव्वद टक्के पटलं. उरलेले दहा टक्के मी आता कोणाच्याही दारात नेऊन टाकणार नाही.

मग तिला सगळं सांगितलं. मोटरसायकल, एडका, हॅरल्डकाकांचा कोट, तुझा एप्रिल. मला वाटलं, ती विचारेल की आत्यानं बाबाला इतकी वर्षं का फसवलं.

डिसेंबरात मेंढ्यांच्या मोजणीचा कोंडवाडा असतो ना? कारकुनाला सांग, नेदरब्रेकच्या नावापुढे माझं नाव लिही. अठरा वर्षं उशीर झालाय, तर हॅरल्डकाका जिथे उभं करतील तिथे उभा राहीन, शेणात म्हणाले तर शेणात. आधी त्यांच्या दारात जाईन. चहा मिळाला नाही तरी चालेल. कर्स्टीही येतेय. तिचं तिकीट तिनं हट्टानं काढायला लावलं, कारण तिला तुला काहीतरी विचारायचंय.

मला तिनं ते आधीच विचारलं. मी बोलून थांबलो तेव्हा तिनं तो लाल डबा जवळ ओढला. मग म्हणाली, "म्हणजे आत्या रोज सकाळी गोठ्यामागे एकटीच जाऊन डोळा झाकून बघायची? आणि घरात कोणी विचारलंच नाही, ती कुठे जाते ते?"

मी तेव्हा घरातच होतो, थोरे. तुझ्या शेजारच्या खोलीत.

एर्लंड